रॉचेस्टर, न्यूयॉर्क: पिठापासून लेझरपर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात इथे शिकायला येणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न सुरू होतात. घरभाडं, बस, किराणा हे तर असतंच, पण एक प्रश्न हमखास येतो: "कोडॅक बुडाली ना? मग त्या गावात आता आहे काय?" त्याचं उत्तर दोन ओळींत देता येत नाही. या गावाचा मुख्य धंदा दोनशे वर्षांत अनेकदा बदललाय, आणि प्रत्येक वेळी जुना धंदा जाताना काहीतरी मागे ठेवून गेलाय. ते काय, आणि कुणाच्या वाट्याला आलं, हे समजलं की शहर समजतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे मेयो क्लिनिकवालं रॉचेस्टर का?

नाही. ते मिनेसोटा राज्यात आहे. त्याचं नावही याच रॉचेस्टरवरून ठेवलेलं, कारण तिथे वस्ती करणारा गृहस्थ इथून गेला होता. आपलं रॉचेस्टर न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, ऑन्टॅरियो सरोवराच्या दक्षिण काठावर. न्यूयॉर्क शहरापासून गाडीने साडेपाच-सहा तास, नायगारा मात्र दीड तासावर. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,११,३२८ होती. आजूबाजूची उपनगरं धरली तर दहा लाखांच्या थोडी वर जाते. या दोन आकड्यांमधली दरी लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

शहर नेमकं इथेच का वसलं?

धबधब्यांमुळे. जेनेसी नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि सरोवराला मिळण्याआधी शहराच्या हद्दीतच तिचे तीन मोठे धबधबे आहेत. त्यातला हाय फॉल्स सुमारे ९६ फुटांचा, अगदी मध्यवस्तीत. विजेच्या आधीच्या काळात पडणारं पाणी म्हणजे फुकटची शक्ती, गिरणीचं चाक फिरवणारी.

ही सगळी भूमी सेनेका या मूळनिवासी लोकांची होती. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात त्यांची गावं आणि शेतं जाळली गेली, आणि १७८८ च्या एका व्यवहारात नदीलगतची बरीच जमीन त्यांच्या हातून गेली. जेनेसीच्या पश्चिमेचा पट्टा 'गिरणीसाठी हवा' असं सांगून घेतला गेला. एका गिरणीला किती जमीन लागते? घेतली गेली हजारो एकर. त्यातल्या शंभर एकरांवर एबेनेझर ॲलन नावाच्या माणसाने १७८९ मध्ये पहिली गिरणी बांधली. ती फारशी चालली नाही. १८०३ मध्ये मेरीलँडहून आलेल्या तिघांनी ते शंभर एकर विकत घेतले. त्यांतले एक कर्नल नाथॅनियल रॉचेस्टर. १८१७ मध्ये त्याचं रीतसर गाव झालं, १८३४ मध्ये शहर.

'पिठाचं शहर' हे नाव कशावरून पडलं?

जेनेसीच्या खोऱ्यात गहू उत्तम पिकायचा, पण तो न्यूयॉर्क बंदरापर्यंत न्यायचा तर बैलगाडीचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त. १८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला आणि हे गणित पार बदललं. ऑल्बनी ते बफेलो असा ३६३ मैलांचा, माणसांनी खोदलेला हा जलमार्ग. वाहतुकीचा खर्च जवळपास एक दशांशावर आला.

रॉचेस्टरमध्ये कालव्याला नदी आडवी येत होती. म्हणून नदीवर दगडी कमानींचा पूल बांधला आणि त्या पुलावरून कालवा नेला. खालून नदी वाहतेय, वरून पिठाच्या पिंपांनी भरलेल्या होड्या घोडे आणि खेचरं ओढताहेत, असं दृश्य. १८४२ मध्ये बांधलेला दुसरा पूल आजही उभा आहे. १८३८ च्या सुमारास रॉचेस्टर अमेरिकेतलं सगळ्यात मोठं पीठ-उत्पादक शहर झालं होतं.

त्याच कालव्याने पुढे गहूही पश्चिमेकडे नेला. कालवा आणि मग रेल्वेमुळे ओहायो, इलिनॉय आणि पुढे मिनेसोटाची विस्तीर्ण जमीन लागवडीखाली आली, आणि पिठाचा मान मिनियापोलिसकडे गेला.

पीठ गेल्यावर गाव ओसाड पडलं का?

नाही, कारण तोवर दुसरा धंदा वर आला होता: रोपवाटिका. जर्मनीहून आलेले जॉर्ज एलवँगर आणि आयर्लंडहून आलेले पॅट्रिक बॅरी या दोघांनी १८४० मध्ये माउंट होप नर्सरी सुरू केली. फळझाडं, शोभेची झाडं, गुलाब अशी त्यांची रोपं देशभर जायची. जेम्स व्हिक टपालाने बिया विकायचे आणि त्यांची रंगीत सूचिपत्रं घरोघरी पोचायची. पिठाचं शहर फुलांचं शहर झालं, आणि इंग्रजीत उच्चारही बदलावा लागला नाही: पीठ (flour) आणि फूल (flower) ऐकायला सारखेच.

१८८८ मध्ये एलवँगर आणि बॅरी यांनी वीस एकर जमीन शहराला बागेसाठी दिली. तीच आजची हायलँड पार्क. मे महिन्यात तिथे लायलॅकचा बहर असतो आणि मोठा उत्सव भरतो. सहा महिन्यांच्या बर्फानंतर त्या जांभळ्या उतारावर सगळं गाव लोटतं. पहिल्या वर्षी आलेल्या मुलांना मी आवर्जून सांगतो, परीक्षा असली तरी एक संध्याकाळ काढाच.

कोडॅक इथेच का सुरू झाली?

जॉर्ज ईस्टमन इथे राहत होता म्हणून, हे खरं उत्तर. वडील लवकर वारले, घरची ओढाताण, चौदाव्या वर्षी शाळा सोडली. पुढे तो इथल्या सेव्हिंग्ज बँकेत कारकून होता. फोटोग्राफीचा नाद लागला तेव्हा कॅमेऱ्याबरोबर काचा, रसायनं आणि अंधारा तंबू असं सगळं बाडबिस्तार वागवावं लागायचं. दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात रसायनांचे प्रयोग करून त्याने कोरड्या काचपट्ट्या बनवायची पद्धत बसवली. १८८१ मध्ये कंपनी निघाली. भांडवल दिलं हेन्री स्ट्राँग यांनी, जे घरात भाड्याने राहायला होते आणि ज्यांचा धंदा होता घोडागाडीचे चाबूक बनवण्याचा. चाबकांच्या पैशातून फिल्मचा काळ उभा राहिला.

१८८८ मध्ये पहिला 'कोडॅक' कॅमेरा आला. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंचा रोल. फोटो संपले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. दहा डॉलरमध्ये फोटो छापून, नवा रोल भरून कॅमेरा परत यायचा. १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला आणि फोटो काढणं मुलांच्याही हातात गेलं.

लवचिक फिल्मचं श्रेय मात्र सगळं त्याचं नाही. न्यू जर्सीतल्या हॅनिबल गुडविन या धर्मगुरूने आधीच पेटंटसाठी अर्ज केला होता. वर्षानुवर्षं खटला चालला आणि १९१४ मध्ये कोडॅकला पन्नास लाख डॉलर मोजावे लागले. गुडविन तोवर हयात नव्हते.

आपल्याकडचा धागाही इथे आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले तेव्हा त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला आणि कच्ची फिल्म मागवली ती कोडॅकची. भारताचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा त्या फिल्मवर उतरला.

कोडॅक पार्क म्हणजे बाग का?

नावावरून तसंच वाटतं, पण तो कारखान्यांचा परिसर. १८९१ मध्ये सुरू झाला आणि वाढत वाढत १३०० एकरांच्या आसपास गेला. स्वतःचं वीजघर, स्वतःची रेल्वे, स्वतःचं अग्निशमन दल. एका बाजूने चांदी, जिलेटिन, कापूस, लाकडाचा लगदा आत यायचा आणि दुसऱ्या बाजूने पिवळ्या डब्या बाहेर पडायच्या.

काम कसं चालायचं हे ऐकण्यासारखं आहे. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून सिल्व्हर नायट्रेट करायचं, ते ब्रोमाइडबरोबर जिलेटिनमध्ये कालवायचं, आणि तो लेप मैलोन्‌मैल फिल्मवर सारख्या जाडीने चढवायचा. लेपाला उजेड लागला तर माल फुकट, म्हणून कित्येक विभागांत माणसं पाळीभर मिट्ट काळोखात काम करायची. भिंतीला हात लावत, आवाजाचा अंदाज घेत चालायचं, यंत्राचा प्रत्येक खटका बोटांना पाठ. तिथे नोकरी केलेले म्हातारे आजही बोलता बोलता हातांनी दाखवतात: झडप इथे, रीळ इथे.

मालाच्या शुद्धतेबद्दलची काळजी टोकाची होती. १९२० च्या दशकात कोडॅकच्या शास्त्रज्ञांना आढळलं की जिलेटिनच्या एखाद्या खेपेत फिल्म चांगली संवेदनशील होते आणि दुसरीत होत नाही. माग काढत गेल्यावर कळलं की ज्यांच्या कातड्या-हाडांपासून जिलेटिन बनतं त्या गाईंनी मोहरीची रोपं खाल्ली असली तर त्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे फिल्म सुधारते. १९४५ मध्ये तर पॅकिंगच्या पुठ्ठ्यामुळे एक्स-रे फिल्मवर बारीक डाग पडायला लागले. शोध घेतला तेव्हा उमगलं की न्यू मेक्सिकोतल्या पहिल्या अणुचाचणीची धूळ इंडियानातल्या पुठ्ठ्याच्या कारखान्यापर्यंत पोचली होती. चाचणी गुप्त होती, पण फिल्मने ती टिपली.

कामगारांना यातून काय मिळालं?

ज्यांना नोकरी मिळाली त्यांना पुष्कळ. १९१२ पासून नफ्यातला वाटा दरवर्षी कामगारांना दिला जायचा. पैसे वसंताच्या तोंडावर हाती यायचे आणि गाड्यांची, फर्निचरची दुकानं त्या आठवड्याची वर्षभर वाट पाहायची. बाप, मुलगा, नातू एकाच कारखान्यात, हे सर्रास. संघटना कधीच उभी राहू शकली नाही, आणि ईस्टमनला नेमकं तेच हवं होतं. नोकरी आयुष्यभराची, त्या बदल्यात निष्ठा.

ईस्टमनने दहा कोटी डॉलरहून जास्त दान केलं. संगीत विद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय, मुलांसाठी दंतचिकित्सालय, शिवाय बॉस्टनजवळच्या एमआयटीला 'मिस्टर स्मिथ' या टोपणनावाने कोट्यवधी डॉलर. मणक्याच्या दुखण्याने जेरीस आल्यावर १९३२ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

आता दुसरी बाजू. या नोकऱ्यांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना जवळजवळ बंद होते. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेकडून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं इथे आली, ती दोन मोडकळीस आलेल्या वस्त्यांत कोंडली गेली. घराला कर्ज नाही, कारखान्यात झाडूकामापलीकडे जागा नाही. जुलै १९६४ मध्ये जोसेफ ॲव्हेन्यूवर रस्त्यातल्या नाचाच्या कार्यक्रमात पोलिसांनी एका तरुणाला पकडलं आणि ठिणगी पडली. तीन दिवस दंगल पेटली, राज्याला नॅशनल गार्ड हे राखीव सैन्यदल बोलवावं लागलं.

त्यातून 'फाइट' नावाची संघटना उभी राहिली. नेते होते धर्मोपदेशक फ्रँकलिन फ्लॉरेन्स, आणि मदतीला शिकागोचे संघटक सॉल अलिन्स्की. मागणी साधी होती: कोडॅकने सहाशे कृष्णवर्णीयांना शिकवून कामावर घ्यावं. डिसेंबर १९६६ मध्ये कंपनीच्या एका अधिकाऱ्याने करारावर सही केली. दोनच दिवसांत कंपनीने तो करार झटकून टाकला. मग आंदोलक थोडेसे शेअर घेऊन भागधारकांच्या सभेत जाऊन बसले. १९६७ च्या जूनमध्ये तडजोड झाली. कंपन्यांना सामाजिक प्रश्नावर भागधारक सभेत जाब विचारायची ही पद्धत पुढे देशभर वापरली गेली. शहराच्या इतिहासात मला हा प्रसंग कोडॅकच्या कुठल्याही शोधाइतकाच मोठा वाटतो, आणि पर्यटकांच्या पत्रकांत तो क्वचितच दिसतो.

गुलामगिरीविरोधी चळवळीशी या शहराचा संबंध काय?

खूप जवळचा. गुलामगिरीतून निसटलेले चळवळीचे नेते फ्रेडरिक डग्लस १८४७ मध्ये इथे आले आणि त्यांनी 'नॉर्थ स्टार' हे वृत्तपत्र काढलं. सरोवराच्या पलीकडे कॅनडा, म्हणजे पळून आलेल्या गुलामांसाठी स्वातंत्र्याच्या आधीचा हा शेवटचा मुक्काम. ५ जुलै १८५२ चं त्यांचं प्रसिद्ध भाषण, ज्यात त्यांनी अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन गुलामाच्या लेखी काय असतो असं विचारलं, ते इथल्याच कोरिंथियन हॉलमधलं. बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुसान बी. अँथनी यांनी, बायकांना मत नव्हतं तेव्हा, १८७२ मध्ये इथे बेकायदा मतदान केलं, त्यांना अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला आणि तो त्यांनी कधी भरला नाही. दोघंही माउंट होप दफनभूमीत आहेत. निवडणुकीच्या दिवशी मत देऊन आलेल्या बायका 'मी मतदान केलं'चे स्टिकर अँथनींच्या दगडावर चिकटवतात.

कोडॅकखेरीज इथे काही नव्हतं का?

भरपूर होतं. जॉन जेकब बॉश आणि हेन्री लोम्ब या दोन जर्मन स्थलांतरितांनी १८५३ मध्ये चष्म्याचं दुकान काढलं, त्यातून बॉश अँड लोम्ब झाली. सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी, पहिल्या महायुद्धात जर्मन काच बंद झाल्यावर स्वतः ओतलेली ऑप्टिकल काच, १९३७ चा रे-बॅन, १९७१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली मऊ कॉन्टॅक्ट लेन्स, हे सगळं तिचं. कंपनीचं मुख्यालय आता रॉचेस्टरमध्ये नाही, लेन्स मात्र इथे अजून बनतात.

वेस्टर्न युनियन ही तारकंपनी हायरम सिब्लींनी इथूनच उभी केली. ग्लीसन वर्क्स गिअर कापायची यंत्रं १९ व्या शतकापासून बनवते आहे. तिथल्या मालकाची मुलगी केट ग्लीसन लहानपणीच कारखान्यात रुळली, यंत्रं विकायला एकटी युरोपला गेली आणि १९१४ मध्ये अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची पहिली पूर्ण महिला सभासद झाली. आरआयटीचं (रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) इंजिनीअरिंग कॉलेज तिच्याच नावाचं आहे. शिवाय पुरुषांचे सूट, बूट, बटणं, रेल्वेचे सिग्नल, उंच इमारतींमधल्या टपालाच्या नळ्या. एकेका धंद्यावर पुस्तक होईल.

या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते: बारीक, अचूक काम. भिंग घासणारा, गिअर कापणारा, लेप चढवणारा असे हात एकाच गावात तयार होत गेले. १८८५ मध्ये हेन्री लोम्ब यांनी पुढाकार घेऊन कारागिरांना शिकवायला मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. तीच आज आरआयटी आहे. आणि १९२९ मध्ये कोडॅक आणि बॉश अँड लोम्ब यांच्या पाठबळावर रॉचेस्टर विद्यापीठात इन्स्टिट्यूट ऑफ ऑप्टिक्स सुरू झाली.

झेरॉक्सही इथलीच ना?

वाढली इथे. शोध चेस्टर कार्लसन यांचा, २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्क शहरातल्या ॲस्टोरिया भागात लागलेला. एका कंपनीच्या पेटंट विभागात कागद नकलून नकलून हात दुखायचा, त्यातून सुचलेला. वीसेक मोठ्या कंपन्यांनी त्यांना परत पाठवलं. अखेर रॉचेस्टरच्या हॅलॉइड या फोटोचा कागद बनवणाऱ्या छोट्या कंपनीने, म्हणजे कोडॅकच्या सावलीत जगणाऱ्या कंपनीने, जोसेफ विल्सन यांच्या हिमतीवर हा जुगार खेळला. १९५९ मध्ये 'झेरॉक्स ९१४' आलं. वजन जवळजवळ ३०० किलो. विकत घेणं परवडणार नाही म्हणून महिना ९५ डॉलर भाड्याने दिलं, पहिल्या दोन हजार प्रती त्यातच. दशकभरात कंपनी जगभर गेली. तालुक्याच्या कचेरीबाहेर सातबाऱ्याच्या प्रती काढून देणाऱ्या टपऱ्यांचं मूळ शोधत गेलात तर इथे पोचाल.

१९६९ मध्ये मुख्यालय कनेक्टिकटला हललं. वेब्स्टर या उपनगरातले कारखाने राहिले, पुढे तेही आकसत गेले.

डिजिटल कॅमेरा कोडॅकनेच बनवला, मग तीच कशी बुडाली?

'शोध लावला आणि कपाटात ठेवला' ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे.

स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनीअरने १९७५ मध्ये इथल्या प्रयोगशाळेत पहिला हातात धरता येईल असा डिजिटल कॅमेरा जुळवला. साडेतीन किलोंच्या आसपास वजन, चित्र ०.०१ मेगापिक्सेलचं, कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. वरिष्ठांना त्यात घाई करण्यासारखं काही दिसलं नाही. पण संशोधन थांबलं नाही. ब्राइस बायर यांनी बसवलेली रंगांच्या गाळण्यांची मांडणी आज जवळपास प्रत्येक मोबाइलच्या कॅमेऱ्यात आहे. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांचं ओएलईडीवरचं काम, ज्यावर आजचे पडदे उभे आहेत, तेही कोडॅकमधलं. २००५ मध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त डिजिटल कॅमेरे कोडॅकचेच विकले जात होते.

मग अडलं कुठे? माझ्या मते नफ्याच्या जातीत. फिल्मवर नफा प्रचंड होता आणि तो पुन्हा पुन्हा मिळायचा: रोल, कागद, रसायनं. डिजिटल कॅमेरा एकदा विकला की संपलं, आणि त्यावरचा नफा जेमतेम. शिवाय कोडॅक ही मुळात रसायनांची कंपनी. तिचं खरं बळ काळोखात लेप चढवण्यात. शेकडो इमारतींचा तो पसारा इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवायच्या कामाचा नव्हता. वर पोलरॉइडशी झटपट कॅमेऱ्याच्या खटल्यात ९० कोटी डॉलरहून अधिक गेले, जपानच्या फुजीने स्वस्त फिल्मने बाजार खाल्ला, आणि शेवटी मोबाइलने डिजिटल कॅमेराही संपवला. फुजीने आपलं रसायनज्ञान दुसऱ्या मालाकडे वळवलं. कोडॅकने आपला रासायनिक विभाग १९९४ मध्येच वेगळा केला होता.

१९ जानेवारी २०१२ ला कंपनीने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. २०१३ मध्ये ती छोटी होऊन बाहेर आली. आजही आहे, आणि ३८ नंबरच्या इमारतीत आजही फिल्म बनते. हॉलिवूडचे काही दिग्दर्शक आणि हौशी तरुण यांच्यामुळे तिची मागणी अलीकडे वाढलीही आहे.

इतक्या लोकांचं पुढे काय झालं?

१९८२ मध्ये एकट्या रॉचेस्टर परिसरात कोडॅकची ६०,४०० माणसं होती. आता हजारांत मोजावी लागतात, तीही थोडक्या. २००७ मध्ये कोडॅक पार्कमधल्या काही इमारती स्फोटकांनी पाडल्या. त्या बघायला जुने कामगार कुटुंबासह आले होते. दिवाळखोरीत निवृत्तांचा आरोग्यविमा गेला. साठीच्या पुढे अमेरिकेत विमा जाणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही.

तरी शहर कोसळलं नाही. कोडॅक आकसत होती त्या तीन दशकांत परिसरातल्या एकूण नोकऱ्या कमी होण्याऐवजी वाढल्या. कोडॅक आणि झेरॉक्समधून बाहेर पडलेल्या इंजिनीअरांनी छोट्या कंपन्या काढल्या: लेन्स, सेन्सर, लेपन, छपाई. फरक हा की, शिकलेल्यांना दुसरी वाट सापडली. बारावी होऊन पाळीवर लागलेल्या माणसाला तितक्या पगाराचं काम परत मिळालं नाही.

मग आज गाव कशावर चालतं?

सर्वांत जास्त नोकऱ्या देतं रॉचेस्टर विद्यापीठ, आणि त्यातही त्याची रुग्णालयं. स्ट्राँग मेमोरियल हे मुख्य रुग्णालय त्याच चाबूकवाल्या स्ट्राँग यांच्या नावाचं. शिवाय वेगमन्स ही १९१६ पासूनची किराण्याची साखळी, पगारपत्रकांची कामं करणारी पेचेक्स, संरक्षण खात्याची रेडिओ यंत्रं बनवणारी एल-थ्री हॅरिस.

ऑप्टिक्स आणि लेझर हा मात्र गावाचा खास वारसा. विद्यापीठाच्या लेझर प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी अतिशय तीव्र, अतिशय छोटे लेझर-स्पंद तयार करायची पद्धत शोधली. २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. डोळ्यांच्या काही शस्त्रक्रियांत हेच तंत्र वापरतात. चष्म्याच्या दुकानापासून इथवरची ओळ सलग आहे.

कोडॅक पार्कचं आता ईस्टमन बिझनेस पार्क झालंय. फिल्मसाठी बांधलेलं वीजघर आणि सांडपाण्याची यंत्रणा खाद्यपदार्थांच्या आणि इतर कारखान्यांना उपयोगी पडते. सगळेच बेत जमतात असं नाही. लिथियम बॅटऱ्या पुन्हा वापरात आणणारा मोठा कारखाना तिथे उभा राहत होता, त्याचं काम २०२३ मध्ये थांबलं. त्याआधी २००४ मध्ये टोरंटोला जलद फेरीबोट सुरू झाली, ती दोन वर्षंही टिकली नाही आणि कर्ज शहराच्या माथी राहिलं.

उपनगरं इतकी नीटनेटकी आणि मध्यवस्ती इतकी गरीब का?

सुरुवातीला दिलेले आकडे आठवा. १९५० मध्ये शहरात ३,३२,४८८ लोक होते. आज सव्वा लाखाच्या आसपास कमी आहेत, पण परिसराची लोकसंख्या तेव्हापेक्षा जास्त. म्हणजे माणसं गेली ती फार लांब नाहीत, हद्दीपलीकडे गेली. ज्यांना घरकर्ज मिळत होतं ती गेली, ज्यांना नाकारलं ती राहिली. शाळांचा पैसा इथे बराचसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, तोही त्यांच्याबरोबर गेला. त्यात १९६५ मध्ये मध्यवस्तीभोवती इनर लूप नावाचा खंदकासारखा महामार्ग पूर्ण झाला. त्यासाठी शेकडो घरं-दुकानं पाडली गेली. मुलांमधल्या गरिबीत रॉचेस्टर आज देशातल्या सगळ्यात वाईट शहरांत मोडतं.

शहराने २०१४ ते २०१७ मध्ये त्या महामार्गाचा पूर्वेकडचा भाग बुजवून टाकला आणि तिथे घरं बांधली. महामार्ग बांधणारी शहरं पुष्कळ, बुजवणारी थोडी. उत्तरेकडचा भागही बुजवायचं ठरलं आहे. त्या जागेवर कुणाला राहायला परवडेल, यावर सध्या गावात जोरात वाद चालू आहे, आणि तो व्हायलाच हवा.

आपल्या लोकांचा या गावाशी काही जुना संबंध आहे का?

आहे. भौतिकशास्त्रज्ञ ई. सी. जी. सुदर्शन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून इथे आले, रॉबर्ट मार्शाक यांच्याकडे त्यांनी पीएचडी केली, आणि दोघांनी मिळून मूलकणांमधल्या दुर्बल बलाचा सिद्धान्त इथेच मांडला. महात्मा गांधींचे नातू अरुण गांधी मुंबईत पत्रकार होते. त्यांनी अमेरिकेत काढलेली अहिंसा संस्था २००७ मध्ये रॉचेस्टरला आली. मे २०२३ मध्ये त्यांचं कोल्हापुरात निधन झालं. त्यांची संस्था आजही इथल्या शाळांमधल्या मुलांबरोबर काम करते.

बाकी आज आहेत ते मुख्यतः विद्यार्थी, डॉक्टर आणि इंजिनीअर.

बर्फ खरंच तितका पडतो का?

हो. सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे मोसमात साधारण शंभर इंच. बूट आणि जाड कोट इथे आल्यावर घ्या, भारतातून आणू नका.

दोन दिवसांत यातलं काय काय बघता येईल?

ईस्ट ॲव्हेन्यूवरचं ईस्टमनचं घर, जिथे आता फोटोग्राफीचं संग्रहालय आहे, त्याला अर्धा दिवस द्या. हाय फॉल्स बघायला पाँट द रेन या पादचारी पुलावर जा: समोर धबधबा, काठावर गिरण्यांचे अवशेष आणि मागे कोडॅकचा मनोरा, एकाच नजरेत. ब्रॉड स्ट्रीटचा पूल म्हणजे तोच १८४२ चा कालव्याचा पूल. कालवा गावाबाहेरून वळवल्यावर त्याच्या कोरड्या पात्रातून १९२७ ते १९५६ भुयारी रेल्वे धावली, त्या बोगद्याच्या कमानी रस्त्याखाली अजून आहेत. पुलाच्या कामामुळे तिथे कधी कधी जाता येत नाही, म्हणून आधी चौकशी करून निघा. माउंट होप दफनभूमी विद्यापीठाला लागूनच आहे. डग्लस आणि अँथनी यांच्या जागा एकमेकींपासून बऱ्याच लांब आहेत, दारावरून नकाशा घ्या. मे महिना असेल तर हायलँड पार्क तिथून चालत जाण्याइतकी जवळ.

गाडी नसेल तर हाय फॉल्स आणि ब्रॉड स्ट्रीट पायी होतं, बाकीच्या ठिकाणी बस जाते. रविवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून शनिवार बरा.